मार्च एंड, ग्रिम्सबी

मार्च एंड इथेही असतो.
एकतीस तारखेला इथेही पैसे मरतात.
विमानात बसताना हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

वडील साताऱ्याला, जिल्हा परिषदेच्या लेखा शाखेत.
मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ते खुर्च्या घ्यायचे.
निधी परत जाऊ नये म्हणून खुर्च्या,
पुढच्या मार्चात, खुर्च्या आहेतच म्हणून टेबलं.
आम्ही हसायचो. तेही हसायचे,
पण पावती जपून ठेवायचे.

मी कुटुंब केंद्राची हिशेबनीस. आठवड्याला सोळा तास.
गोदीमागचा रस्ता; या इमारतीत पूर्वी माशांच्या पेट्या बनत,
हवा दमट झाली की भिंतींना ते आठवतं.

निधी आधी तीन वर्षांचा यायचा.
मग वर्षाचा.
आता सहा महिन्यांचा, आणि त्यातले दोन
पुढचा अर्ज भरण्यात जातात.

रकाना सात: साध्य झालेले परिणाम. मोजता येतील असे.

तर, लिअ‍ॅन. वय एकोणीस, बाळ अकरा आठवड्यांचं.
सहा बुधवार हीटरशेजारी बसली
अंगातला कोट न काढता.
सातव्या बुधवारी काढला.
मी लिहिलं, कोट काढला.
मग खोडलं. लिहिलं, सहभागात वाढ.

आणि ग्लेन. कोर्टाने नात त्याच्या ताब्यात दिली
तेव्हा जाडजूड फाईल दिली,
कंगवा दिला नाही.
त्याच्या बोटांना जाळ्याच्या गाठी येतात,
मेसीच्या केसांना त्या चालत नाहीत.
म्हणून तो आधी मॉपवर शिकला,
स्वयंपाकघरात उलटा उभा केलेला आमचा मॉप,
तिपेडी वेणी, टोकाला लाल रबरबँड.
दोन दिवस फरशी तशीच राहिली.
ती वेणी सोडायला कुणाचा हात होईना.

हे कुठल्या रकान्यात?

टोस्टचा खर्च मात्र चोख बसतो:
आठवड्याला चौदा पौंड वीस. पाव, मार्जरीन.
जॅम कुणीतरी दारात ठेवून जातं.
कोण, ते आम्ही विचारत नाही.

फिलिपा काउन्सिलची. येते, पायपुसण्याला बूट घासते,
प्रति बालक खर्च विचारते, माझ्याकडे न बघता.
परवा निघताना म्हणाली,
तिचीही जागा एकतीसपर्यंतच आहे.
मी तिला टोस्ट दिला. तिने उभ्यानेच खाल्ला.
त्या आठवड्याच्या लाभार्थ्यांत मी एक वाढवला.

आज चार पन्नासला मेल आला.
जूनअखेरपर्यंत मुदतवाढ. पुढील निर्णय यथावकाश.
सोबत एक तक्ता:
केंद्रातील सर्व वस्तूंची नोंद करावी,
प्रत्येकीपुढे तिची स्थिती.

बंद करायचं नाही तर यादी कशाला?
चालवायचं आहे तर जूनच का?
याला मराठीत काय म्हणतात ते मला येतं,
पण ऐकायला ऑफिसात कुणी नव्हतं.

मोजायला घेतलं.
वॉशिंग मशीन एक, फिरताना चालत पुढे येतं.
बाळांचा वजनकाटा एक.
मॉप एक.
खुर्च्या, गुडघ्याएवढ्या, बावीस.
एकीचा मोडका पाय ग्लेनने दोरीने आवळलाय,
बोटीवरची गाठ.
मी त्याच खुर्चीवर बसून पाहिलं.
गुडघे हनुवटीला लागले, खुर्ची हलली नाही.

बाबा, तुमच्या त्या खुर्च्यांवर
पुढे कुणी बसलं का?
तेव्हा विचारायचं राहिलं.

खुर्च्या, लहान. नग बावीस.
स्थिती: वापरात.