तिळाला पाय

मे महिना, मंगळवार. मेनमधली छोटी शाळा,
खिडकीबाहेर भुर्ज, मागे कुरण,
कुरणात हरणांनी पाडलेली वाट.
मधल्या सुट्टीनंतर दार ढकलून येतो
डेझमंड थिबोडो, इयत्ता दुसरी.
"मिसेस पेल्की, माझ्या कानामागे तीळ उगवलाय.
काल नव्हता."

मी कपाळावरचा चष्मा खाली ओढते.
तिळाला पाय आहेत.

काडीनं चटका द्यायचा नाही, व्हॅसलिन फासायचं नाही,
आजोबा काहीही सांगोत.
चिमट्याचं टोक कातडीला टेकवायचं
आणि सरळ वर, सावकाश,
जुन्या शिवणीतला टाका उसवावा तसं.
"मेली?"
"नाही. पाय हलवतेय."
"बघू."
बघतो, आणि अख्ख्या वर्गाला दाखवायची म्हणतो.

खसखशीएवढी गोचीड. तिच्यावर चिकटपट्टी, पट्टीवर तारीख.
मग घरी फोन. आई मासळीच्या कारखान्यात पाळीवर,
मागे यंत्रांची घरघर.
"महिनाभर लक्ष ठेवा. ताप, सांधे,
अंगावर गोल चट्टा. आणि चट्टा नाही दिसला तरी..."
"तरी काय? हॅलो?"

तरी.
तीन वर्षांपूर्वी याच खुर्चीत मार्गो सीर बसायची.
सोमवारी डोकं, गुरुवारी मान, मग गुडघा,
नेमकं गणिताच्या तासाला.
मी बर्फाची पिशवी दिली, वर एक बिस्किट,
आणि रजिस्टरात लिहिलं: वर्ग टाळते.
सुवाच्य अक्षरात. चार वेळा.
तिच्या दाट केसांत एकदाही बोटं घातली नाहीत.
तिथे काहीतरी उमटलं असेल,
पिकलं असेल, विरून गेलं असेल
कुणाच्याही नजरेस न पडता.
जुलैत दुकानात भेटली
तेव्हा तोंडाची एकच बाजू हसली.

बरी झाली ती, हेही सांगायला हवं.
आता सातवीत आहे, शर्यतीत धावते,
मला बघून हात करते, सबंध तोंडानं हसते.
मी ते पान फाडलेलं नाही.

"चट्टा नाही दिसला तरी डॉक्टरांकडे न्या,"
मी फोनवर म्हणते. "गोचीड सोबत पाठवते."

डेझमंड खुर्चीत पाय हलवत बसलाय.
घंटा होते. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो.
"आता गणित आहे," म्हणतो.
"मला जरा बरं वाटत नाहीये."

मी हसत नाही.
"ये," म्हणते. "दुसरा कान दाखव."