रकाना क्रमांक दोन

शिरोडकर बाई, तुमचं नवं रजिस्टर मिळालं.
निळा पुठ्ठा, आत चार रकाने:
चालवणे. ड्युटी, पण न चालवणे. झोप. सुट्टी.
अठरा वर्षं गाडी हाकली,
दिवसाचे असे चार वाटे होतात
हे कुणी सांगितलं नव्हतं.

पहाटे चार पन्नास. कुंडईच्या गेटवर रांग.
पुढे अकरा गाड्या. इंजिन बंद.
एक आत गेली की गिअर टाकून
वीस पावलं पुढे, पुन्हा बंद.
ती वीस पावलं पहिल्या रकान्यात, समजलो.
मधली पंचवीस मिनिटं?
म्हाबळू क्लीनर म्हणतो, झोप लिहा, घोरत होता तुम्ही.
घोरत होतो, कबूल.
पण मागच्याने हॉर्न द्यायच्या आधी जागा झालो.
ते घोरणं कुठे लिहायचं?

सिलिंडर चढवताना मी खाली उभा असतो.
मोजत नाही, ऐकतो.
बद्द वाजला तो भरलेला,
खणखणला तर रिकामा, काढा बाहेर.
हात माझे खिशात.
खिडकीतून तुम्ही पाहिलं असेल तर वाटलं असेल,
काय आरामात उभा आहे हा!

मग जुनं गोवं, धक्का, फेरीबोट.
दिवाडीला गाडी न्यायची तर दुसरी वाट नाही.
आणि तिथे, बाई, खरा घोटाळा.
हँडब्रेक ओढलेला,
चाकांखाली म्हाबळूने ओंडके सारलेले,
आणि गाडी चाललेली
मांडवी तिरकी कापत,
माझ्याविना.
सात मिनिटं. भरतीला नऊ.
बोट चालवतो खलाशी, ड्युटी त्याची.
मी पाण्याकडे बघतो. बघण्याचा भत्ता नको मला.
पण बोट जराशी कलली
तर आधी माझ्या उजव्या पायाला कळतं,
मग खलाशाला.

ऑगस्टातला तो शनिवार आठवत असेल तुम्हाला.
बोंदेरांची मिरवणूक. शिपायाने रस्ता अडवला,
बांधाला लागून उभी केली गाडी. पाच तास.
तुम्ही लिहिलंत ‘विश्रांती’
आणि भत्ता कापलात.
गॅसची गाडी टाकून जाता येत नाही, बाई.
विडी पेटवून येणाऱ्याला हात जोडले,
टपावर चढलेल्या एका पोराला उतरवलं,
त्याच्या बापाच्या शिव्या खाल्ल्या.
वळणापलीकडे बँड वाजत होता.
कुंपणावरून निशाणांची टोकं दिसली, तेवढंच.
म्हाबळूला म्हटलं, जा, बघून ये.
तो तोंड रंगवून आला.
त्याची लिहा विश्रांती.

आता लिहायचंच आहे तर सगळं लिहितो.
साडेतीनला समोरच्या बाल्कांवातून हाक आली.
रेजिनाल्ड बाब, पाय प्लास्टरमध्ये,
त्यांनाही मिरवणूक चुकलेली.
सान्नां दिली, वर तोणाक.
गाडी दिसेल अशा पायरीवर बसलो.
ते पूर्वी बोटीवर होते.
पश्चिमेला जाताना रोज रात्री
घड्याळ अर्धा तास मागे घ्यायचे, म्हणाले,
आणि तो जास्तीचा अर्धा तास कुणाच्या पाळीत
यावरून बोटीवर मारामारी व्हायची.
मग काय ठरलं, विचारलं.
हसले. म्हणाले, मी उतरेपर्यंत तरी काही नाही.

त्या वेळात मी गाडीकडे बघत होतो का?
बघत असेन. शपथेवर सांगता येणार नाही.
म्हणून साडेचार तास शाईने लिहिलेत, रकाना दोन.
उरलेला अर्धा कोराच ठेवलाय,
तुम्ही काय ते ठरवा.

फेरीबोटीचं मात्र मोठ्या सायबांना विचारून कळवा.
आणि रकाने जरा रुंद छापा,
माझं अक्षर मोठं आहे.
उद्या चार पन्नासला गेटवर आहेच.
रांगेत.

— सगुण गांवकर, गाडी नंबर सात