बेअरिंग

नारिनच्या शाळेत त्या हिवाळ्यात
प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट होतं
आणि त्याची किल्ली हरवलेली.
म्हणून उमसुनाय एजेंनी स्टूल करवून घेतलं
गॅरेजवाल्या सापारकडून:
खाली ट्रकच्या चाकाचं बेअरिंग,
वर सफरचंदाच्या खोक्याची फळी,
मधे इतकं ग्रीस
की आठवडाभर वर्गाला लांबच्या रस्त्याचा वास.

कोळसा आणायची पाळी माझी होती.

एजे बसल्या. वय अठ्ठावन्न,
डोक्याला रुमाल, पायात नमद्याचे बूट,
दोन्ही हातांत लोखंडी इस्त्र्या,
एक स्वतःची, एक शेजारणीकडून मागून आणलेली.
हात पसरून म्हणाल्या, "तेमिर, ढकल. हळू."
तेमिरनं ढकललं,
आजाऱ्याच्या खोलीचं दार ढकलावं तसं.

खिडकी, फळा, आम्ही, शेगडी.
खिडकी, फळा, आम्ही –
एजेंनी इस्त्र्या छातीशी ओढल्या

आणि शेगडीखिडकीफळाआम्हीशेगडीखिडकी
रुमाल सुटून पडला अस्सोलच्या वहीवर
आणि आधी कुणीच हसलं नाही
मग सगळेच,
सगळ्यांत मोठ्यानं एजे,
पण त्यांचं हसू तुकड्यातुकड्यानं पोचायचं,
तोंड आमच्याकडे वळेल तेवढंच.

हात पसरले. पुन्हा संथ.

"मधे कुणी ढकललं मला?"
कुणीच नाही.
"मग वेग कुठून आला?"
वजन जवळ आलं म्हणून, तेमिर म्हणाला.
"वेगाचं कळलं. मी ऊर्जेचं विचारतेय.
ती वाढली. फुकट?"
वर्ग गप्प. बाहेर कुणीतरी फावड्यानं बर्फ खरवडत होतं.

"इस्त्र्या बाहेर पळत होत्या," एजे दंड चोळत म्हणाल्या,
"त्यांना ओढून घरी आणायला बळ लागलं.
ते सकाळच्या न्याहारीचं.
लिहा खतावणीत:
नान अर्धा, चहा दोन वाट्या."
आम्ही खरंच लिहिलं.

मी बादली घेऊन बाहेर गेले,
परत आले तेव्हा स्टूल थांबत आलं होतं.
"आता ही कुठे चालली?" एजे विचारत होत्या.
पुस्तकात होतं, पान बावीस, चौकटीत:
ऊर्जा नाहीशी होत नाही, रूप बदलते.
हे मला नवीन नव्हतं.
माझे वडील येकातेरिनबुर्गला गेले होते
आणि दर महिन्याला पैसे होऊन यायचे.

"तू ये. बेअरिंगला हात लाव."
वाकले, लावला. कोमट होतं.
"सापडली?"
"सापडली," मी म्हणाले,
आणि एजेंनी फळ्यावर बरोबरचं चिन्ह काढलं,
दोन आडव्या रेघा, खडू मोडेपर्यंत दाबून.

एक सांगायचं राहिलं.
उणे एकवीस होतं त्या दिवशी
आणि बादली मी हातमोज्यांशिवाय आणली होती.
त्या हाताला
काहीही कोमट लागलं असतं.