बोटाची रेघ

निवृत्त होऊन आला तेव्हा बोस्त्यावने
दोन बॅगा आणल्या, एक गुडघेदुखी,
आणि कोकोचा मोठा डबा,
ज्याचं झाकण अजून बोटीचा वास धरून आहे:
डिझेल, साबण, आणि कुठलंतरी बंदर
ज्याचं नाव तो दरवेळी वेगळं सांगतो.

एकोणतीस वर्षं. नऊ महिने पाणी, तीन महिने वेंगुर्ला.
तिथे तो गोडाचा कुक.
सहाशे माणसांच्या आइस्क्रीमवर
रोज रात्री गरम काळा सॉस ओतायचा,
आणि इथे मी,
चहात गूळ घालायचा की साखर
हे विचारायला कुणी नाही म्हणून
दोन्ही घालायची.

आज डेल्फिनच्या पोराचा वाढदिवस.
"बाजूक सर गो," म्हणाला, माझ्याच शेगडीपाशी मला.
तागडी मागितली. तागडी!
या घरात मापाला करवंटी आहे
आणि एक कान तुटलेला कप.
नाक मुरडून त्याने कप घेतला.

लोणी वितळलं. कोको चाळला माझ्या पिठाच्या चाळणीने
(ती आता आठवडाभर भाकरीला रंग देणार).
साखर, मग गूळ, कारण साखर संपली.
मलईऐवजी नारळाचं पहिलं, दाट दूध,
कारण त्याला हवी तशी मलई बाजारात नाही
आणि नारळ परसात पडतात, न मागता.

"घाय नको. उकळूक देव नको."
नारळाचं दूध फाटतं
हे तू मला सांगणार?
दर नाताळाला दोदोल कुणी घोटला,
तू कुठल्या समुद्रात होतास?
तो गप्प. उलथनं फिरत राहिलं.
मग त्यानेच आच वाढवली, जराशी.

बुडबुडा आला. एक. मग सगळे.
तेल वर, खाली रवाळ चिखल,
ओहोटीच्या खाडीत दिसतो तसा.
इतकी वर्षं पांढरा कोट घातलेला माणूस
कढईकडे बघत उभा,
आणि तोंडावर तो चेहरा
जो मी फक्त एसटी स्टँडवर पाहिलाय, निघताना.

बोलायला खूप होतं, पण कढई गरम होती.
खाली उतरवली. वाटीभर कोमट दूध,
थेंब थेंब, एकाच दिशेने.
उजवीकडे सुरू केलंस तर उजवीकडेच, आई म्हणायची.
हात भरून आला. त्याने उलथनं मागितलं.
दिलं. मग परत घेतलं.
हळूहळू चिखल जमला, चकाकला,
समोरच्या तांडेलाच्या होडीवरच्या
ताज्या डांबरासारखा.
शिरोड्याच्या मिठाची चिमूट त्याने टाकली.
ती मात्र बरोबर होती.

चमचा उलटा धरून
त्याने पाठीवरून बोट ओढलं. रेघ.
"ही मिटूक नको," म्हणाला.
बोटीची रेघ मिटते.
रात्री काम संपलं की मागच्या डेकवर
विडी ओढत बघायचो, म्हणाला,
पाण्यावर पांढरी, लांब,
आणि बघता बघता काही नाही.
बोटाची राहायला हवी. राहिली की झालं.
एवढं तो कधी एका दमात बोलला नव्हता.
आम्ही दोघं चमच्याकडे बघत राहिलो.
राहिली.

लाइट दुपारीच गेली होती, आम्हाला पत्ता नाही.
फ्रीज उघडला तर आइस्क्रीमची वीट पाणी,
आणि पोरगं रडायच्या बेतात.
मी बिडाच्या तव्यावर घावणे टाकले,
पांढरे, जाळीदार,
सॉस भोकाभोकांतून खाली उतरला.
मेणबत्तीच्या उजेडात
कुणाचे ओठ किती काळे, कळलं नाही.
तांडेलाची सून ताट घेऊन आली,
तिच्यामागून तिची दोन.
पोरगं म्हणालं, आजोबा, उद्यापण लाइट घालवा.

उरलं ते बरणीत भरलं, तळाशी चार बोटं.
बोस्त्याव पेन शोधत होता.
तारीख लिहूया? बोटीत लिहायचो.
म्हटलं, नको.
आधी ती कढई घास.