मोजणी

तासाला सहाशे वॉशर.
हा आकडा मी प्रार्थनेसारखा पाठ केला होता,
प्रार्थना मात्र कधी पाठ झाली नाही.
पट्टी सरकव, पायाने दाब, हात मागे.
हात मागे घ्यायला विसरलीस
तर पुढचं सगळं आयुष्य मोजायला
नऊच बोटं.

लीलच्या पलीकडे, कालव्याच्या काठाला आमची शेड.
छपरातल्या काचा काजळीने आंधळ्या.
माझ्या डाव्या हाताला ब्रोनिस्लावा,
पोलंडहून आलेली, एवढंच ठाऊक.
चार वर्षं तिचं कोपर माझ्या कोपरापासून
दीड हातावर वरखाली झालं,
आणि तिच्या डोळ्यांचा रंग कुणी विचारला असता
तर मी म्हटलं असतं:
दुपारपर्यंत चारशे मागे आहे ती.

वाईट नव्हते मी.
वाईट व्हायलाही जरा उसंत लागते.
वजन खाली येतं, इतकंच.
मुकादम लाबुरियो माझ्यावर खेकसायचा,
मी घरी जाऊन पोराच्या पाठीत धपाटा घालायचे,
पोर मांजराची शेपटी ओढायचं.
मांजर पुढे काय करायचं, मला माहीत नाही.
उताराला लागलेल्या दगडाला
कुणी वाट शिकवावी लागत नाही.

मग त्या जूनमध्ये, एका मंगळवारी,
सव्वादहाला कुणीतरी पट्टा उतरवला.
यंत्रं एकेक करून थांबली,
म्हातारी माणसं खुर्चीत बसतात तशी, कण्हत.
आणि मग
शेडमध्ये एक चिमणी असल्याचं कळलं.
किती वर्षांपासून असेल?

फाटकाशी कुणी अकॉर्डियन आणला.
पुरुषांनी मागण्यांचा कागद केला, त्यावर भांडले,
क्रांती क्रांती म्हणता म्हणता
तो शब्दही तासाला सहाशे निघू लागला.
मी माझ्या स्टुलावरच बसून राहिले,
हात मांडीवर, रिकामे,
आणि पहिल्यांदाच
ते भरायला कुणी धावत नव्हतं.

तेव्हा मी डावीकडे पाहिलं.

शाळेत बाई म्हणायच्या, लक्ष द्या,
की आम्ही कपाळाला आठ्या घालून दम रोखून बसायचो.
हे तसं नव्हतं.
हे दारातून बाजूला होणं होतं,
कुणी आत येणार असेल तर येऊ दे, म्हणून.
पाद्री सांगतात देव सगळीकडे भरून आहे.
मला वाटलं, नसेल.
तोही असाच मागे सरला असेल,
नाहीतर ब्रोनिस्लावाला बसायला
जागा कुठून उरली असती?

करडे होते. डावा जरासा हिरवट.
तिने पिशवीतून कांदा काढला,
मुळांना माती तशीच.
म्हणाली, त्सेबुला.
मी म्हटलं, ओन्यों.
हातांनी तिने दाखवलं: तिच्या गावी
याची वेणी घालून दाराला टांगतात.
कांदा कापून अर्धा मला देताना
मला तिची करंगळी दिसली.
वरचं पेर नव्हतं.

कधी? मी विचारलं.
तिने दोन बोटं वर केली. दोन वर्षं.
मग यंत्राकडे बोट केलं,
मग, अगदी सहज, माझ्या स्टुलाकडे.
मी शेजारीच होते.
त्या दिवशी माझी मोजणी चुकली नव्हती.

कांद्याने डोळ्यांत पाणी येतं
हे फार सोयीचं असतं.

आम्ही जिंकलो. पगार वाढला,
दोन आठवड्यांची सुट्टी मिळाली,
मी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला
आणि तो मोजायचा नाही हे लक्षात यायला
दुपार झाली.
मग पाव महागला. पट्टा पुन्हा चढला.
सहाशेचे साडेसहाशे झाले.

अजून मी तिथेच आहे.
फक्त एका दाबाच्या आणि दुसऱ्या दाबाच्या मध्ये
केसभर फट असते, तिथून
कधी कधी डावीकडे पाहते.
पाच-सहा वॉशर कमी पडतात.
लाबुरियो पेन्सिल जिभेला लावतो
आणि वहीत माझ्या नावापुढे लिहितो:
लक्ष नाही.