वेस्ताची तीस पावलं

चोपड्याच्या बायपासला माझं गॅरेज.
एका चैतात वेस्ता पावरा आला,
उजवा पाय जरा ओढत,
खांद्यावर जीपचा तुटका कमानपाटा.
म्हणाला, याची कमान कर. आडवी. बंदुकीगत.

दस्त्याचं सागवान त्याचं,
घोड्याला मी लुनाचा ब्रेक दिला,
दोरीला क्लचची वायर,
आणि नेम धरायला सायकलीचा आरा,
त्याच्या टोकाशी शिशाचा थेंब.

बाण सरळ जातो, हा माझा समज.
अनेरच्या कोरड्या पात्रात
आम्ही केळीचा खांब उभा केला.
थेंब बरोबर मध्यावर धरला मी,
आणि बाण वाळूत.
"तीर थकस," वेस्ता म्हणाला,
"कमान सोडीसन पडालेच लागस."

मग त्यानं स्वतः पावलं मोजली,
एकेक बाण मारून पाहिला,
आणि हॅकसॉनं पट्टीवर तीन खाचा पाडल्या:
वीस. तीस. चाळीस.
खांबातून पाणी झिरपत होतं.
केळ आवाज करत नाही, नुसतं ओलं होतं.

खाचा सोप्या. अंतर अवघड.
चौदाचा पाना मी न बघता उचलतो,
पण समोरची बाभूळ किती लांब?
मी म्हणायचो पन्नास.
तो चालत जायचा, बुंध्याला हात लावून ओरडायचा:
चौतीस!

सशाचा कान दिसतो, डोळा दिसत नाही, चाळीस धर.
डुकराच्या मानेचे केस सुटे दिसले की वीस,
मग श्वास पण घेऊ नको.
नाल्यापलीकडचं जवळ वाटतं,
मधली जमीन डोळा खाऊन टाकतो.
केळीच्या दोन ओळींतून बघशील तर लांब,
चांदण्यात त्याहून लांब.
"तुना डोया लबाड शे," तो म्हणायचा,
वर्षभर म्हणत राहिला.

दिवाळीनंतर तो ऊसतोडीला बारडोलीकडे गेला.
कमान माझ्याकडे टायरांमागे ठेवून,
पाड्यावर फॉरेस्टवाले फिरतात म्हणून.

पौषात साडूच्या बागेत डुकरं शिरली.
मी दिवसा बांधापासून कुंपणाच्या भगदाडापर्यंत
पावलं मोजून ठेवली: तीस.
डोळ्यावर सोपवलंच नाही काही.
रात्री गोणपाट पांघरून बसलो.
ते आलं.
दुसरी खाच, शिशाचा थेंब, खांद्याची काळी रेघ.
ब्रेक दाबला.

बाण दोन हात अलीकडे चिखलात रुतला.
डुकरानं त्याच्याकडे पाहिलं,
मी चुकीच्या पान्याकडे पाहतो तसं,
आणि परत खायला लागलं.

सकाळी पुन्हा मोजलं. तीसच.
वायर तपासली, आरा तपासला,
पाट्याला कुठं चीर गेली का तेही.
साडू म्हणाला, नवरा मुलगा बघतोयस का, किती वेळ?
परत येताना चिखलात माझी पावलं दिसली,
एकसारखी, लांब लांब,
आणि मला नदीतल्या वाळूवरचे ठसे आठवले:
एक पूर्ण, एक अर्धवट, मागे ओढलेली रेघ.
लहानपणी मोहाच्या झाडावरून पडला होता वेस्ता.

मी उजवा पाय ओढत भगदाडापर्यंत गेलो.
एकोणचाळीस.

कानस हातात होती. नव्या खाचा
पाच मिनिटांचं काम.
नाही पाडल्या.
आताही कुणी विचारलं, पंप किती लांब,
तर उजवा पाय आपोआप जड होतो.

भोंगऱ्या बाजाराच्या आधी तो परतला.
मी सगळं सांगितलं.
त्याला हसू आलं नाही,
पायाचं तर त्यानं ऐकलंच नाही बहुतेक.
विचारलं, डुक्कर केवढं होतं?
मी दोन्ही हात पसरले.

माझ्या हातांमधली जागा
त्यानं एक डोळा बारीक करून पाहिली,
आणि पुढे येऊन
माझा उजवा हात धरून
निम्म्यावर आणून ठेवला.