‘प’पासूनचे शब्द शुक्रवारी

बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, दोन फूट लांब.
मी त्याला ग्रंथालय म्हणते,
कदंबाचा कंडक्टर आग्नेल म्हणतो, ‘बाय, तुमचें पार्सल.’
शुक्रवारी रिवणहून निघतो, केप्याला माझ्या टेबलावर उतरतो,
सोमवारी करमळ घाट ओलांडून काणकोणला.
सामानाचं तिकीट लागतं खरं म्हणजे.
पण आग्नेलची मुलगी आठवीत आहे
आणि तिला दर आठवड्याला एक खून लागतो,
शेवटच्या पानावर उलगडणारा.

सहा शाळा आहेत आमच्या या फेऱ्यात.
एकीकडेही कपाट भरेल एवढी पुस्तकं नाहीत.
एका ठिकाणी तर कपाट आहे, आत फक्त घंटा ठेवतात.

पुस्तक कुठून आलं
ते मला शिक्का न बघता कळतं.
रिवणची कडेने तांबडी;
कितीही झटका, खाणीची धूळ शिवणीत उरते.
आगोंदची फुगलेली, पानाला पान चिकटलेलं,
मधे वाळू, एकदा सुंगटाची वाळलेली मिशी,
खूण म्हणून ठेवलेली.
एप्रिलात नेत्रावळीहून येतात त्यांच्यावर बोंडांचा डाग.
तो जात नाही.
‘पुस्तकाची स्थिती’ या रकान्यात मी लिहिते: काजू.

शब्दकोश मात्र एकच.
तिसऱ्या वर्षी त्याचा कणा मोडला,
‘न’ आणि ‘प’च्या मधे.
मडगावचा बाइंडर दीडशे रुपये म्हणाला.
खात्याकडे अर्ज केला; अर्ज अजून प्रवासात आहे.
तोवर ‘अ’ ते ‘न’ आगोंदला,
‘प’ ते ‘ज्ञ’ रिवणला,
महिन्याने अदलाबदल.

म्हणजे जिथे समुद्र होता तिथे ‘समुद्र’ नव्हता,
जिथे खाण होती तिथे ‘खाण’ नव्हती.
हे मी जुळवून आणलेलं नाही.
दोरा तिथे सुटला.

आगोंदच्या बांदेकर सरांचा फोन आला:
मुलं निबंधात ‘मासळी’ लिहीत नाहीत,
‘जलचर’ लिहितात,
कारण तो तपासून बघता येतो.
मी म्हटलं, सर, ‘प’पासूनचे शब्द शुक्रवारी निघतील,
तोवर माफ करा त्यांना.

मग स्टॉक तपासणीचे साहेब आले पणजीहून.
एका पुस्तकावर तीन शिक्के, दोन जांभळे, एक हिरवा.
‘हे नेमकं कोणाचं?’
आज केप्याचं, मी म्हटलं.
त्यांना ते आवडलं नाही.
शब्दकोशाचे दोन तुकडे त्यांनी समोर ओढले,
पानं उलटत गेले
आणि ‘खाण’पाशी थांबले.
समासात पेन्सिलीने:
‘बंद आहे. पप्पांचा ट्रक अंगणात. सुचिता वेळीप, सातवी.’
खाली दुसरं अक्षर, बारीक, तिरकं:
‘आमची होडीपण. इंजिन गेलं.’

दुसरा तुकडा त्यांनी स्वतःच उघडला, ‘स’वर.
समुद्र: खाऱ्या पाण्याचा अफाट साठा.
बाजूला सुचिता:
‘वास कसा असतो?’
त्याखाली पुढच्या महिन्यात, तिरकं अक्षर:
‘आम्हाला येत नाही. तू येऊन सांग. श्रीपाद पागी.’

पहिल्या पानावर शिक्का आहे,
पुस्तकावर लिहू नये, दंड रुपये पाच.
साहेबांनी तो वाचला. मीही वाचला, त्यांच्याबरोबर.
मग ते म्हणाले, चहा मिळेल का कुठे जवळ.

बाइंडरचे दीडशे माझ्याकडे असतात तसे.
दर पगाराला असतात.
या शुक्रवारीही डबा आला,
शब्दकोशाची पाठ उघडी, दोरे लोंबताहेत.
मी ‘स’ काढून बघितला. नवीन काही नव्हतं,
फक्त ‘तू येऊन सांग’च्या पुढे
कोणीतरी बसची वेळ लिहिली होती,
खोडून पुन्हा लिहिली होती.

रजिस्टरमध्ये नोंद केली:
शब्दकोश, एक. तुकडे, दोन.
स्थिती: चालू.